गिटार हाताच्या मापाची

पोकळ लाकडी पेटी, एक मान, सहा तारा आणि सहा खुंट्या एवढ्याच भांडवलावर अकूस्टिक गिटार उभी असते. वाद्यांच्या दुकानात नवशिक्याला ती आठ-दहा हजार रुपयांत मिळते. तोच आकार, त्याच सहा तारा आणि तीच स्वरव्यवस्था असलेली, परंतु एखाद्या कारागिराने एका वादकासाठी मुद्दाम घडविलेली गिटार मात्र पाच-सहा लाख रुपयांच्या घरात जाते. कारागीर जगभर नावाजलेला असेल, तर वीस-तीस हजार डॉलर मोजण्याची तयारी ठेवूनही वर्ष-दोन वर्षे वाट पाहावी लागते. तरीही अशा गिटारींना मागणी आहे आणि त्या घडविणारे कारागीर अमेरिका, कॅनडा, युरोप आणि जपानप्रमाणेच आता भारतातही आढळतात.

एकाच वाद्याच्या किमतीत एवढी तफावत का पडते, या प्रश्नाचे उत्तर बहुतेक ग्राहक लाकडात शोधतात. दुर्मीळ शिसव, शिंपल्याचे नक्षीकाम, आरशासारखी झिलई या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी असल्याने पैसा तेथेच जातो, असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात वाद्याच्या आवाजाशी आणि वादकाच्या सोयीशी ज्या गोष्टींचा सर्वांत जवळचा संबंध आहे, त्या सहसा डोळ्यांना दिसत नाहीत. मुद्दाम घडवून घेतलेल्या गिटारीचे आकर्षण आणि तिचा खर्च या दोहोंचे मर्म त्यातच आहे.

मागणीतून घडलेला इतिहास

आज कारखान्यात हजारोंच्या संख्येने तयार होणारी अमेरिकी गिटार मुळात मागणीबरहुकूमच घडत होती. सी. एफ. मार्टिन हे जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या मार्कनॉयकिर्शन गावचे कारागीर. तेथील व्हायोलिन बनविणाऱ्यांच्या संघाचा सुतारकामाच्या परंपरेतील कारागिरांनी गिटारी बनविण्याला विरोध होता. या वादाच्या पार्श्वभूमीवर मार्टिन १८३३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षांनी पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे स्थायिक झाले. त्यांनी सुरू केलेल्या कंपनीला दहा लाख गिटारींचा टप्पा गाठण्यास २००४ साल उजाडले, म्हणजे तब्बल १७१ वर्षे लागली. पुढच्या दहा लाख गिटारी मात्र दीड दशकाच्या आतच तयार झाल्या. हस्तकलेकडून यंत्राकडे झालेल्या वाटचालीचा वेग या दोन आकड्यांवरून ध्यानात यावा.

या कंपनीचे काही गाजलेले नमुने एखाद्या वादकाच्या हट्टातून जन्माला आले आहेत. १९२९ मध्ये पेरी बेक्टेल या बँजोवादकाने आपल्या सवयीच्या लांब मानेची गिटार मागितली. तोपर्यंतच्या बहुतेक गिटारींची मान बाराव्या पडद्यापाशी पेटीला मिळत असे. बेक्टेलसाठी ती चौदाव्या पडद्यापर्यंत मोकळी ठेवण्यात आली. ही सोय इतकी पसंत पडली, की पोलादी तारांच्या गिटारींत पुढे तोच प्रघात पडला. १९३३ मध्ये गायक व चित्रपट अभिनेते जीन ऑट्री यांनी शिंपल्याच्या जडावकामाने नटविलेली, स्वतःचे नाव कोरलेली मोठी गिटार करवून घेतली. 'डी-४५' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमुन्याची ती पहिली गिटार. दुसऱ्या महायुद्धामुळे १९४२ मध्ये हा नमुना बंद होईपर्यंत अशा अवघ्या ९१ गिटारी बनल्या आणि आज त्या संग्राहकांच्या दृष्टीने सर्वांत मौल्यवान गिटारींत गणल्या जातात.

यंत्रयुगात मागे पडलेली ही परंपरा १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा बहरली. लोकसंगीताच्या लाटेमुळे गिटार घराघरांत पोहोचली होती आणि कारखान्यांच्या मालावर असमाधानी असलेल्या वादकांचा एक वर्ग तयार झाला होता. कॅनडात टोरांटो येथे जाँ लारिवे यांच्या कार्यशाळेत लिंडा मान्झर, ग्रिट लास्किन यांच्यासारखे शिष्य तयार झाले. ते पुढे स्वतंत्रपणे नावारूपाला आले. १९७२ मध्ये 'गिल्ड ऑफ अमेरिकन लुथिअर्स' ही संस्था स्थापन झाली. ल्यूट या जुन्या युरोपीय तंतुवाद्यावरून लुथिअर, म्हणजे तंतुवाद्ये घडविणारा, हा शब्द आला. पूर्वी घराण्यात गुप्त राहणारी माहिती या संस्थेने खुली केली. जोडकामाच्या पद्धती, लाकडाची जाडी, आतील पट्ट्यांची मांडणी यांविषयी कारागीर एकमेकांना मोकळेपणाने सांगू लागले. आजची मागणीनुसार गिटारी घडविणारी पिढी या देवाणघेवाणीवर पोसली गेली आहे.

आवाज कोठून येतो?

या कारागिरांचे कसब नेमके कशात आहे, हे समजण्यासाठी गिटारीच्या पेटीत डोकवावे लागते. तार कितीही जोराने छेडली, तरी ती स्वतः फारशी हवा हलवू शकत नाही. तेवढी तिची जाडीच नसते. तारेचे कंपन घोडीमार्गे पुढच्या फळीत उतरते, फळी थरथरते, पेटीतील हवा हलते आणि मग आपल्याला गिटारीचा आवाज ऐकू येतो. ही पुढची फळी बहुधा स्प्रूस किंवा सीडर या हलक्या परंतु ताठ लाकडाची असते. तिची जाडी असते जेमतेम अडीच ते तीन मिलिमीटर.

या पातळ फळीवर सहा पोलादी तारांचा मिळून सुमारे ७० ते ७५ किलो वजनाइतका ताण असतो. एका प्रौढ माणसाच्या वजनाएवढा हा ताण तिला दिवसरात्र, वर्षानुवर्षे सोसायचा असतो. फळी जाड ठेवली, तर ती ताण सहज सोसते. पण मग ती कंप पावण्यास नाखूश असते आणि आवाज कोंडल्यासारखा येतो. फार पातळ केली, तर आवाज मोकळा होतो. पण काही वर्षांत घोडीमागे फुगवटा येतो, तारा पडद्यांपासून उंच उठतात आणि वाद्य वाजविणे अवघड होते. फळीच्या आतल्या अंगाला चिकटविलेल्या लाकडी पट्ट्या हा तोल सांभाळतात. पोलादी तारांच्या बहुतेक गिटारींत यांपैकी दोन प्रमुख पट्ट्या फुलीच्या आकारात एकमेकींना छेदतात. उत्तम गिटार म्हणजे मोडण्याच्या बेतापासून सुरक्षित, परंतु फार दूर नसलेली गिटार, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही.

येथे एक साधे गणित महत्त्वाचे ठरते. फळीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी कमी केली, तर ताठपणा सुमारे २७ टक्क्यांनी घटतो. तीन मिलिमीटरच्या फळीत १० टक्के म्हणजे ०.३ मिलिमीटर. रंध्याचे चार हात जास्त फिरले, की वाद्याचा स्वभाव पालटतो.

प्रत्येक फळीचा स्वभाव निराळा

लाकूड हा काही कारखान्यात ओतलेला धातू नव्हे. एकाच जातीच्या, किंबहुना एकाच झाडाच्या दोन फळ्याही घनतेत आणि ताठपणात वेगळ्या निघतात. झाड उतारावर वाढले की सपाटीवर, थंडीत हळूहळू वाढले की झपाट्याने, फळी बुंध्याच्या कोणत्या भागातून व कोणत्या कोनात कापली, यांवर ते अवलंबून असते.

कारखान्याला या वैविध्याशी एकेका फळीपुरती तडजोड करण्यास सवड नसते. दिवसाकाठी शेकडो गिटारी बाहेर पडायच्या, तर सर्व फळ्यांना एकच जाडी ठरवावी लागते. गिटार फुगली वा तडकली, तर हमीपोटी ती बदलून देण्याचा भुर्दंड कंपनीला बसतो. साहजिकच ही जाडी ढिगातील सर्वांत कमजोर फळीलाही निभावेल, अशा बेताने ठरते. परिणामी बऱ्याच चांगल्या, ताठ फळ्या गरजेपेक्षा जाड राहतात. त्यांच्या अंगात अधिक आवाज असतो, पण तो बाहेर काढण्यास कोणी थांबत नाही.

स्वतंत्र कारागीर नेमका येथे थांबतो. तो फळी दोन बोटांत धरून टिचकी मारून तिचा नाद ऐकतो, ती आडवी-उभी वाकवून पाहतो, तिचे वजन करतो आणि मग तिला पातळ करू लागतो. थोडे रंधायचे, पुन्हा वाकवून पाहायचे, पुन्हा रंधायचे. आतील पट्ट्याही अशाच एकेक तासल्या जातात. यात गूढ असे काही नाही. अनेक कारागीर आता फळीवर ठरावीक वजन ठेवून ती किती वाकते हे मोजतात किंवा संगणकाच्या साह्याने तिच्या कंपनांचा आलेख काढतात. मात्र कोठे थांबायचे, हा निर्णय अखेर अनुभवाचाच असतो.

याचा अर्थ कारखान्याची गिटार वाईट, असा नव्हे. १९७४ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या टेलर कंपनीने संगणकाच्या आज्ञेवर चालणारी यंत्रे गिटारनिर्मितीत रुजविली. मानेचा कोन, पडद्यांची जागा, जोडांचा घट्टपणा यांबाबतीत अशी यंत्रे जी अचूकता साधतात, ती हाताने साधणे कठीणच. आज मध्यम किमतीची कारखान्याची गिटारही पन्नास वर्षांपूर्वीच्या अशाच गिटारीपेक्षा वाजविण्यास कितीतरी सुखद असते. उलटपक्षी, हाताने घडविलेली प्रत्येक गिटार उत्तमच निघेल, याची शाश्वती कोणताही प्रामाणिक कारागीर देत नाही. कारखान्याच्या गिटारींत काही योगायोगाने असामान्य निघतात. कारागीर प्रत्येक गिटारीच्या बाबतीत ती शक्यता वाढविण्यासाठी वेळ देतो, इतकेच.

माप कोणाचे?

आवाजाइतकेच, किंबहुना काहींच्या दृष्टीने अधिक, आकर्षण असते ते मापाचे. कारखान्याची गिटार सरासरी हातासाठी असते आणि सरासरी हात फार थोड्यांना लाभलेला असतो. पोलादी तारांच्या नेहमीच्या गिटारीची मान खुंट्यांकडच्या टोकाला सुमारे ४३ मिलिमीटर रुंद असते. बोटांनी एकेक तार छेडणाऱ्या वादकाला ही जागा अपुरी पडते, म्हणून तो ४५-४६ मिलिमीटर मागतो. नायलॉन तारांच्या अभिजात गिटारीत हीच रुंदी सुमारे ५२ मिलिमीटर असते.

तारेच्या लांबीचेही तसेच. मोठ्या आकाराच्या गिटारीत तारेचा कंप पावणारा भाग सुमारे ६४५ मिलिमीटर असतो. तो ६३० मिलिमीटर केला, तर त्याच तारा त्याच स्वरात लावल्यावरही ताण साडेचार टक्क्यांच्या आसपास कमी होतो आणि पडदे थोडे जवळ येतात. लहान चणीच्या वादकाला किंवा वयोमानाने बोटांचे सांधे दुखू लागलेल्याला हा फरक वाजविणे चालू ठेवणे आणि सोडून देणे यांतला फरक ठरू शकतो. मानेचा मागचा गोलवा, पेटीची खोली, उजवा हात जेथे टेकतो तेथील टोचरी कड गोल करणे, डावखुऱ्यासाठी संपूर्ण रचना उलटी करणे, असे अनेक बदल मागता येतात.

अशा मागण्यांतून कधीकधी नवी कल्पनाच जन्माला येते. लिंडा मान्झर यांनी १९८४ मध्ये पॅट मेथेनी या जॅझ वादकासाठी चार माना आणि ४२ तारा असलेली 'पिकासो' नावाची गिटार घडविली. एवढे अवजड वाद्य मांडीवर घेऊन वाजविताना वादकाला तारा दिसाव्यात, म्हणून तिची पेटी वादकाच्या बरगड्यांकडे निमुळती आणि मांडीकडे जाड ठेवण्यात आली. ही पाचरीसारखी रचना नंतर साध्या गिटारींतही आली आणि जगभरच्या कारागिरांनी ती उचलली.

भारतीय संगीताच्या गरजेतूनही अशी एक गिटार घडली आहे. १९७० च्या दशकात झाकीर हुसेन, एल. शंकर आणि विक्कू विनायकराम यांच्यासह 'शक्ती' या वाद्यवृंदात वाजविताना जॉन मॅकलॉफ्लिन यांना मींड आणि गमकांसाठी तार आडवी ओढता यायला हवी होती. त्यांच्यासाठी एब वेक्टर या कारागिराने दोन पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरलेली आणि मुख्य तारांखालून सतारीच्या तरफांसारख्या अनुरणन करणाऱ्या तारा नेलेली गिटार बनविली. तयार गिटारीत असा बदल बाजारात मिळणे तेव्हा शक्यच नव्हते.

महाराष्ट्राला खरे तर वाद्य मापाने करवून घेणे नवे नाही. मिरजेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडत आले आहेत. तेथे तंबोरा करायला टाकताना आजही पहिला प्रश्न विचारला जातो तो गाणाऱ्याच्या पट्टीचा. काळी एक-दोनमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा तंबोरा वेगळा आणि काळी चार-पाचमध्ये गाणाऱ्या स्त्रीचा वेगळा. भोपळा त्या बेताने निवडला जातो आणि अखेरीस जवारी गवयाच्या कानाला रुचेपर्यंत काढली जाते. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. गिटारीच्या बाबतीत पाश्चात्त्य वादक लक्षावधी रुपये देऊन जी गोष्ट विकत घेतो, ती आपल्याकडच्या गवयांना पिढ्यान्पिढ्या परिचित असलेली हीच गोष्ट आहे. वाद्य आधी माणसाचे माप घेते आणि मग आकाराला येते.

शिसवाचा मान आणि शिसवाचा आवाज

खर्चाचा मोठा भाग मात्र अजूनही पाठीच्या आणि कडेच्या लाकडावर होतो. गिटारविश्वात सर्वाधिक मान आहे तो ब्राझीलच्या शिसवाला. वारेमाप तोडीमुळे ही जात धोक्यात आली आणि १९९२ मध्ये धोक्यातील प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या 'साइट्स' कराराच्या सर्वांत कडक यादीत तिचा समावेश झाला. त्याआधीच, १९६९ च्या सुमारास, मार्टिन कंपनी आपल्या नेहमीच्या नमुन्यांसाठी भारतीय शिसवाकडे वळली होती. सह्याद्रीच्या रांगांत आणि दक्षिण भारतात वाढणारे हे शिसव आज जगभरच्या उत्तम गिटारींच्या पाठीवर दिसते. कोकणातल्या जुन्या घरांतील कपाटे आणि झोपाळे ज्याचे, तेच हे लाकूड.

२ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण कुळालाच 'साइट्स'च्या दुसऱ्या यादीत टाकण्यात आले. गिटार घेऊन सीमा ओलांडणाऱ्या व्यापाऱ्यांची परवाने मिळविताना तारांबळ उडाली. अखेर २०१९ च्या जिनिव्हा परिषदेत तयार वाद्यांना या अटीतून सूट मिळाली. ब्राझिली शिसव मात्र कडक बंधनातच राहिले. त्याआधी अमेरिकेत २००९ आणि २०११ मध्ये गिब्सन कंपनीच्या कारखान्यांवर लाकडाच्या आयातीवरून छापे पडले होते. मादागास्करच्या आबनुसाबाबतच्या या प्रकरणात कंपनीने २०१२ मध्ये तीन लाख डॉलरचा दंड भरून तडजोड केली. गिटारीसाठीचे लाकूड हा केवळ आवडीनिवडीचा विषय राहिलेला नाही, हे या घटनांनी दाखवून दिले.

मग या लाकडामुळे आवाज खरोखरच सुधारतो काय? या प्रश्नाला स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस या थोर कारागिराने १८६२ मध्येच आपल्या परीने उत्तर दिले होते. आधुनिक अभिजात गिटारीचा जनक मानल्या जाणाऱ्या तोर्रेसने पुढची फळी उत्तम लाकडाची ठेवून पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. आवाजाचा प्राण पुढच्या फळीत असतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. ही गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात जपलेली आहे.

त्यानंतर दीड शतकाने ब्रिटनमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने याच प्रश्नाची शास्त्रीय तपासणी झाली. रॉजर बकनॉल या अनुभवी कारागिराने एकाच आराखड्याच्या सहा गिटारी घडविल्या. पाठ आणि कडा मात्र सहा वेगवेगळ्या लाकडांच्या होत्या. त्यांत ब्राझिली व भारतीय शिसवाबरोबर महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड ही लाकडेही होती. कोणती गिटार हातात आहे हे दिसू नये, अशी व्यवस्था करून ५२ वादकांना त्या वाजविण्यास दिल्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सहाही गिटारींना मिळालेल्या गुणांत फारसा फरक नव्हता आणि लाकूड कानाने ओळखणे वादकांना भरवशाने जमले नाही. महाग शिसव स्वस्त सापेलीपेक्षा सरस ठरले नाही.

शिसवाला काहीच अर्थ नाही, असे यावरून म्हणता येणार नाही. ते देखणे आहे, टिकाऊ आहे आणि वाकविताना कारागिराला साथ देते. परंतु ब्राझिली शिसवासाठी मोजलेले काही हजार जादा डॉलर आवाजासाठी मोजले, असे ग्राहकाने समजू नये. ते सौंदर्यासाठी, दुर्मीळतेसाठी आणि प्रतिष्ठेसाठी मोजलेले असतात.

किंमत कशाची?

मग बाकीचे पैसे जातात कोठे? एक गिटार घडविण्यास एकट्या कारागिराला साधारणपणे शंभर ते दोनशे तास लागतात. लाकूड आधी कार्यशाळेत महिनोन्महिने मुरवावे लागते, झिलईचे थर वाळण्यास काही आठवडे जातात. एकटा माणूस वर्षाला दहा-बारा गिटारींपलीकडे सहसा जात नाही.

समजा, असा कारागीर वर्षात १० गिटारी घडवितो आणि प्रत्येकी ६ हजार डॉलरना विकतो. त्याची वर्षाची उलाढाल झाली ६० हजार डॉलर. त्यातून लाकूड, खुंट्या, पेट्या, हत्यारे, जागेचे भाडे, वीज, विमा आणि कर वजा केले, की हाती उरणारी रक्कम अमेरिकेतल्या कुशल सुताराच्या कमाईहून फार वेगळी नसते. ज्या किमतीने भारतीय वाचकाचे डोळे विस्फारतात, ती कारागिराला श्रीमंत करीत नाही. म्हणूनच अनेक कारागीर दुरुस्तीची कामे घेऊन किंवा शिकवून घर चालवितात. वीस-तीस हजार डॉलर मागू शकणारे मोजकेच आणि त्यांच्या नावामागे तीस-चाळीस वर्षांची तपश्चर्या असते.

भारतात बसून परदेशी कारागिराकडे मागणी नोंदविणाऱ्याला याखेरीज वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि जीएसटी यांचा भार सोसावा लागतो.

मागणी नोंदविण्यापूर्वी

पैशांहून मोठी जोखीम असते ती वेगळीच. दुकानातील गिटार वाजवून, पटली तर घेता येते. घडवून घेतलेली गिटार मागणी नोंदवितेवेळी अस्तित्वातच नसते. आगाऊ रक्कम भरावी लागते आणि ती बहुधा परत मिळत नाही. दरम्यान कारागीर आजारी पडला वा त्याने व्यवसाय बंद केला, तर ग्राहकाच्या हाती फारसे काही राहत नाही. स्वतःच्या हाताच्या मापाची गिटार पुढे विकायची म्हटली, तर तशाच हाताचा ग्राहक शोधावा लागतो. कारागीर नामवंत नसेल, तर निम्मी किंमतही येईल याचा भरवसा नसतो.

हवामानाचाही विचार करावा लागतो. बहुतेक कारागीर ४० ते ५० टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत गिटार घडवितात. मुंबई-कोकणात पावसाळ्यात आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांवर जाते, तेव्हा फळी फुगते आणि तारा उंच उठतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच फळी आकसते आणि तिला चीर पडू शकते. पातळ, हलकी बांधणी जितकी बोलकी, तितकीच ती अशा बदलांना हळवी असते. लाखांची गिटार घेणाऱ्याने शे-पाचशे रुपयांचे आर्द्रतामापक घेण्यास विसरू नये. वाद्य वापरात नसताना ते पेटीत बंद ठेवावे. दुरुस्तीसाठी जवळपास जाणता माणूस आहे की नाही, हेही आधीच पाहावे.

नव्याने शिकणाऱ्याला या सर्वांची गरज नाही. ज्याने अद्याप दोन-चार गिटारी मनापासून वाजविलेल्या नाहीत, त्याला आपल्या हाताला काय अडते हे सांगता येत नाही आणि ते सांगता आले नाही, तर कारागीर तरी काय करणार? अशी मागणी मग नक्षी, रंग आणि लाकडाच्या नावापाशी घुटमळते. पैसे लागतात, गिटार देखणी होते. पण तिच्यात वादकासाठी म्हणून केलेले असे काही उरत नाही. अशा ग्राहकाने कारखान्याची चांगली गिटार घेऊन, जाणत्या माणसाकडून पडद्यांची व तारांच्या उंचीची नीट जुळवणी करून घेतली, तरी अल्प खर्चात त्याचे निम्मे समाधान होते.

याउलट, जो वादक कारागिरासमोर बसून सांगू शकतो की अमुक स्वरसंगतीला अनामिका पोहोचत नाही, खर्जातल्या तारा वरच्या तारांना झाकून टाकतात, अर्ध्या तासानंतर खांदा भरून येतो, त्याच्यासाठी हा व्यवहार निराळा ठरतो. त्याच्या प्रत्येक तक्रारीचे कारागिराजवळ मिलिमीटरमध्ये उत्तर असते. म्हणून जाणते कारागीर मागणी घेताना लाकडाची यादी पुढे करीत नाहीत. ते वादकाच्या हाती एक गिटार देतात, त्याला वाजवू देतात आणि त्याच्या हातांकडे पाहत राहतात.